मृण्मयीची मनू होणारच, मग नाव ठेवायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या महिन्यात पहिलं बाळ येणार आहे. मुलगी झाली तर आईला 'मृण्मयी' ठेवायचंय. वडिलांना 'इरा' हवं, कारण 'त्यात तोडायला काही उरतच नाही'. सासूबाईंना वाटतं, मृण्मयीची मुन्नी होणार. मुलगा झाला तर 'अनिरुद्ध' मनात आहे, पण नात्यातल्या एका अनिरुद्धला अख्खी सोसायटी 'अन्या' म्हणून हाक मारते, त्याची धास्ती आहे. सासऱ्यांना पत्रिकेतलं अक्षर हवंय. वडिलांची जर्मनीला बदली होण्याची शक्यता आहे. आणि विचारलंय की, कुणीच मोडणार नाही असं एखादं नाव सांगाल का?

असं नाव नसतं. मराठीत तरी नसतं. माझा सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. हजेरीपटावरची नावं आणि मधल्या सुट्टीत मैदानावर घुमणाऱ्या हाका, दोन्ही रोज कानावर पडत होत्या. वर्गातलं एकही नाव मैदानावर जसंच्या तसं पोचत नसे. म्हणून 'मोडेल का' हा प्रश्न बाजूला ठेवा. मोडल्यावर काय उरेल, आणि जे उरेल ते तुम्हाला आवडेल का, हे बघा. नाव निवडताना खरा विचार तिथे करायचा असतो.

आधी एक गैरसमज दूर करते. नाव लांब असतं म्हणून तुटतं, असं सगळ्यांना वाटतं. पण रामचा राम्या होतो, त्यात वाचलं काय? नीलचा निल्या होतो, वेदचा वेद्या होतो, मीराची मीरू आणि सईची सयू होते. 'इरा'त तोडायला काही नाही हे खरं, पण जोडायला कोण अडवणार? तिची इरू होईल, इरी होईल, आजी 'इराबाई' म्हणेल आणि मामा 'इरुटली' म्हणेल. मराठी माणूस वेळ वाचवायला नाव बदलत नाही. हे पोर माझं आहे, एवढं सांगायला बदलतो. दोन अक्षरी नाव ठेवून त्यातून सुटका होत नाही.

हे मोडणं मनाला येईल तसं होत नाही, त्याची रीत ठरलेली आहे. मुलांच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, पुढचं व्यंजन घ्यायचं आणि त्याला 'या' जोडायचा. समीरचा सम्या, सचिनचा सच्या, नितीनचा नित्या, दिनेशचा दिन्या. सुरुवातीला जोडाक्षर असेल तर त्यातला 'र' गळतो: प्रकाशचा पक्या, प्रशांतचा पश्या, प्रमोदचा पम्या. अनुस्वार मात्र टिकतो, म्हणून मंगेशचा मंग्या आणि संतोषचा संत्या. मुलींच्या नावाला ई किंवा ऊ लागतो. आजीच्या पिढीत सुमी, शमी, कमळी होत्या, आणि लांबून हाक मारताना त्यांचं 'सुमे', 'शमे' व्हायचं. पुढे वैशू, मधू, प्राजू, अशू आल्या. हल्लीच्या मुली एकमेकींना बिनदिक्कत 'शर्व्या', 'सायल्या' म्हणतात, तो 'या' आता फक्त मुलांचा राहिलेला नाही. रीत ही अशी असल्यामुळे तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावाचं पुढे काय होणार, हे आजच कागदावर लिहून बघता येतं. नाव लिहा, त्याखाली 'या' लावून, 'ऊ' लावून, 'ई' लावून, नुसती पहिली दोन अक्षरं घेऊन आणि नुसती शेवटची दोन घेऊन काय होतं ते लिहा. घरचं, शाळेचं, कॉलेजचं नाव बहुतेक वेळा याच पाचांतून येतं.

हे करताना एक गोष्ट लक्षात येईल, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. तुटलेली नावं एकमेकांत मिसळतात. समीर, समर्थ, सम्यक, सम्राट हे चौघेही सम्या. अनिरुद्ध, अनिकेत, अनीश, अन्वय हे चौघेही अन्या. आरव, आर्यन, आरुष, आर्या ही सगळी घरात 'आरू'. आईवडील महिनोन्महिने शब्दकोश चाळतात, 'आमच्या ओळखीत कुणाचंच नाही' अशा आनंदात 'अद्वय' ठेवतात, आणि वर्गात आधीच एक अद्वैत आणि एक अद्विक बसलेले असतात. तिघेही अदू. मग मुलं आपली सोय करतात: मोठा अदू, चष्मेवाला अदू, नाहीतर सरळ आडनाव. मुंबईच्या शाळांत आणि मैदानांवर तर आडनावाचीच प्रथा आहे. पाटल्या, जोश्या, सावंत्या. सचिन तेंडुलकरही मुंबईच्या क्रिकेटवाल्यांत 'तेंडल्या'च होता. म्हणून वेगळेपण हवं असेल तर ते पहिल्या दोन अक्षरांत शोधा. शेवटच्या दोन अक्षरांतलं वेगळेपण दाखल्यावर दिसतं, हाकेत ऐकू येत नाही. 'अ', 'आ', 'श्र' आणि 'स' यांनी सुरू होणारी नावं सध्या इतकी आहेत की तिथे गर्दी होणारच. 'मृ'ने सुरू होणाऱ्या नावाची दुसरी मुलगी वर्गात क्वचितच असते. मृण्मयीच्या बाजूने ही एक मोठी गोष्ट आहे.

तुटलेलं नाव म्हणजे अपमान, असं तुमच्या प्रश्नात कुठेतरी गृहीत धरलेलं दिसतं. मराठीत तसं कधीच नव्हतं. आपल्या कितीतरी संतांनी स्वतःच्या अभंगात स्वतःचं पूर्ण नाव क्वचितच घातलं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'जनी म्हणे'. तुकाराम, नामदेव, चोखामेळा आणि जनाबाई यांनी देवासमोर उभं राहताना घरातलं छोटं नाव वापरलं. लोकांनी मात्र त्याच छोट्या नावाला 'बा' लावून आदर दाखवला: ज्ञानोबा, तुकोबा, चोखोबा. म्हणजे आपल्याकडे छोटं नाव खालीही उतरतं आणि वरही चढतं. तुक्या आणि तुकोबा एकाच नावातून निघतात. गावाकडे पांडुरंगचा लहानपणी पांड्या, तरुणपणी पांडू आणि नातवंडं झाल्यावर पांडबा होतो, तेव्हा त्याचं वय आणि मान नावाबरोबर वाढत गेलेला असतो. 'अन्या'ची धास्ती वाटते ती त्या 'या'मुळे. पण तो 'या' मित्राच्या तोंडी जिव्हाळ्याचा असतो आणि शिक्षकाच्या किंवा वरिष्ठाच्या तोंडी तुच्छतेचा. कोण म्हणतंय, त्यावर सगळं आहे. म्हणून वर्गात मी कधीही कुणाला 'या' लावून हाक मारली नाही. आणि मित्रांना मारू नका असंही कधी सांगितलं नाही.

लाडाचं नाव खऱ्या नावाला गिळून टाकतं, असंही घडतं. लोकमान्य टिळकांचं नाव केशव ठेवलेलं होतं. घरात त्यांना बाळ म्हणत, आणि जगाला ते बाळ गंगाधर टिळक म्हणूनच माहीत झाले. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, लहानपणची हाक मनू आणि लग्नानंतर लक्ष्मीबाई. हे शेवटचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलींची नावं लग्नात तांदळात नवं नाव लिहून बदलली गेली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव संपलं, सासरचं सुरू झालं. त्या बायकांचं जन्मापासूनचं असं एकच नाव शिल्लक राहिलं, ते म्हणजे भावंडांच्या तोंडचं 'सुमी' किंवा 'शकू'. ते कुणाला बदलता आलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. छोट्या नावाला कमी लेखू नका, असं मी आग्रहाने सांगते ते यामुळे.

आता शाळेच्या बाजूने एक गोष्ट सांगते, कारण आईवडिलांना ती दिसत नाही. जूनचा पहिला आठवडा. हजेरी चालू आहे. 'शर्वरी' म्हणून हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाही. नवा गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली, पहिल्या बाकावर बसलेली एक मुलगी माझ्याकडे टक लावून बघतेय. जवळ जाऊन विचारलं, 'बाळा, तुझं नाव काय?' ती म्हणाली, 'माऊ'. शर्वरी कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरात इतकी वर्षं कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला, कारण शर्वरी हे नाव तिने किती हौसेने निवडलं होतं ते तिलाच माहीत होतं. असं माझ्या वर्गात दरवर्षी एकदोघांचं व्हायचं. सोनू, पिल्लू, छकुली, बंटी, गोलू. ही नावं मुलाच्या नावातून निघालेली नसतात, पाळण्याशी कुणीतरी म्हणून जातं आणि चिकटतात. त्यामुळे पुढे ठरवलेल्या नावाला घरात जागाच मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवसापासून करावा लागतो. घरचं नाव तुम्ही ठरवा आणि ते मूळ नावातूनच काढा. मृण्मयीला मनू, मृणू किंवा मयी म्हणता येतं. तिन्ही चांगली आहेत, आणि तिन्हींतून मुलीला आपलं पूर्ण नाव ओळखू येतं. मुन्नी होईल ही सासूबाईंची भीती खोटी नाही, कारण 'ण्म' हे जोडाक्षर लहान मुलांना आणि पुष्कळ मोठ्यांनाही जड जातं, मग 'मुन्मई' होतं आणि तिथून मुन्नी दूर नाही. पण घरात सगळ्यांनी 'मनू' धरलं की बाहेरचेही तेच धरतात. बारशाला आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, त्याच वेळी लाडाचं नावही जमलेल्यांना सांगून टाका. आजीआजोबांना, सांभाळणाऱ्या मावशींना, शेजाऱ्यांना. लोक काहीतरी म्हणणारच असतात. तुम्ही दिलं तर तुमचं म्हणतात.

आणि दिवसातून काही वेळा पूर्ण नावानेही हाक मारा, तीही मायेने. पुष्कळ घरांत पूर्ण नाव फक्त रागावताना बाहेर येतं. एरवी 'मनू, ये गं', आणि दूध सांडलं की 'मृण्मयीऽऽ!' अशा मुलांना शाळेत पूर्ण नावाने हाक मारली की त्यांचे खांदे आक्रसतात. मी ते कितीतरी मुलांत पाहिलंय. ज्या नावासाठी तुम्ही एवढा जीव टाकताय, ते पोराला ओरडा खाण्याचं नाव वाटू नये.

मूल चौथी-पाचवीत गेलं की स्वतःच ठरवायला लागतं. 'शाळेत मला सोनू म्हणू नकोस हं', असं आईला गेटवर बजावणारी मुलं मी पाहिली आहेत. माझी एक पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचे, घरी काय म्हणतात आणि इथे काय म्हणू? उत्तरं वेगवेगळी यायची आणि मुलं त्याबाबत फार ठाम असायची. तुमच्या बाळालाही पुढे तो हक्क द्या. धाकटं भावंड आलं की घरात मोठ्याचं नावच उरत नाही, तो दादा होतो आणि ती ताई होते, हेही ओघाने आलंच.

पत्रिकेतल्या अक्षराचा वाद करू नका. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं, आणि बाळाचा जन्म ज्या चरणावर होईल ते नावरसाचं, म्हणजे पत्रिकेतल्या नावाचं, अक्षर. आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात, हस्ताला पू, ष, ण, ठ. 'ङ'वरून किंवा 'ण'वरून नाव कुणी ठेवत नाही, हे पंचांग मानणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणूनच नाक्षत्र नाव वेगळं आणि व्यवहाराचं नाव वेगळं ही जुनीच रीत आहे. पत्रिकेत सासऱ्यांच्या इच्छेचं नाव लिहा, पाळण्यात तुमचं ठेवा. दोघांचंही मन राखलं जाईल आणि शास्त्रालाही ते चालतं.

कागदपत्रांची घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या वेळी बाळाचं नाव लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे बारसं झाल्यावर काही आठवडे त्या नावाने हाक मारून बघा. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, तुमच्या तोंडातून काय निघतं ते बघा. नाव तोंडात बसलं की मगच नोंदवा. पण एक वर्ष ओलांडू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, आणि दाखल्यात एक वेलांटी चुकली तरी ती शाळेच्या जनरल रजिस्टरात, मग दहावीच्या प्रमाणपत्रात, तशीच उतरत जाते. पुढे राजपत्रात नाव बदलून घेता येतं, पण मग जुने-नवे कागद जोडून दाखवत बसावं लागतं. लाडाचं नाव दाखल्यावर कधीही घालू नका, कितीही गोड वाटलं तरी. ज्याला सोनू आवडतं तो सोनू म्हणतोच, पण पन्नाशीच्या बाईला बँकेत 'सोनू' म्हणून सही करायला लावणं बरं नाही.

इथे आणखी एक बाब आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम लागतो. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण त्यामुळे नाव चार पदरी झालं. बाळाचं नाव तुमच्या दोघांच्या नावांसकट एका दमात मोठ्याने वाचून बघा. आईचं नाव मृणाल असेल तर 'मृण्मयी मृणाल' तोंडात अडकेल. अनिरुद्धच्या पाठोपाठ अनुराधा आली तरी तेच. आपल्याकडे आईवडिलांच्या अक्षरांवरून मुलांची नावं जुळवण्याची हौस आहे, तिचा या क्रमात त्रास होतो.

जर्मनीबद्दल. परदेशात नाव मराठी रीतीने तुटत नाही, तिथल्या कानाला जे सोपं वाटतं तेवढं उरतं. परदेश कशाला, भारतीय संघात अजिंक्य रहाणेचा 'जिंक्स' झाला. पहिला स्वर गळला आणि मधला तुकडा उरला. आपण तोच अजिंक्य घरात 'अज्या' किंवा 'अजू' केला असता. तेव्हा परदेशाचा संभव असेल तर नावाचा मधला भागही तपासा. रोमन लिपीत नाव लिहा आणि त्यात कुठे भलता इंग्रजी शब्द दडलाय का बघा. 'ईशिता' आणि 'हर्षित' यांत एक इंग्रजी शिवी स्पष्ट दिसते, आणि पूजा-पूर्वाच्या 'पू'वर इंग्रजी बोलणारी बालवाडीची पोरं हसतात. त्याला नावाचा दोष म्हणता येत नाही, पण पाच वर्षांच्या मुलीला ते कसं समजावणार? जर्मन माणूस रोमन 'जे' हे अक्षर 'य' असं वाचतो, त्यामुळे जुईची 'युई' होते. रोमन लिपीत सई आणि साई सारख्याच दिसतात, त्यात महाराष्ट्रातल्या बँकासुद्धा गोंधळतात. तुमच्या दोन नावांपैकी 'इरा' तिथे विनासायास चालेल. 'मृण्मयी' पहिल्या दिवशी कुणाला म्हणता येणार नाही. पण 'मयी' सगळ्यांना म्हणता येईल, आणि ते तिच्या नावातूनच निघालेलं असेल.

तर माझं मत विचाराल तर मुलगी झाल्यास मृण्मयीच ठेवा. इरा वाईट नाही, पण 'तोडता येत नाही' हे इरा ठेवायचं कारण होऊ शकत नाही, कारण तोडता आलं नाही तरी जोडता येतंच. वडिलांना इरा मनापासून आवडत असेल, तो उच्चार कानाला गोड लागत असेल, तर गोष्ट वेगळी, मग दोघांनी बसून ठरवा. मुलगा झाल्यास अनिरुद्धही जरूर ठेवा आणि घरात 'अनी' किंवा 'अनू' म्हणा. दोन्ही त्याच नावातून निघतात. सोसायटीतली पोरं 'अन्या' म्हणतीलच. म्हणू द्या. ज्या दिवशी खालून 'ए अन्या, खेळायला येतोस का?' अशी हाक येईल, त्या दिवशी तुमच्या मुलाला मित्र मिळालेले असतील.

आणि मृण्मयी ठरलं की रोमन स्पेलिंग लगेच पक्कं करून घरात एका जागी लिहून ठेवा. 'मृ' मराठी लोक 'आर'पुढे 'यू' घालून लिहितात, हिंदीवाले 'आय' घालतात. शेवटच्या 'यी'ला कुणी दोन 'ई' लावतं, कुणी एकच 'आय'. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट, सगळीकडे एकच हवं. कार्यालयातला माणूस आपल्या सवयीने टाइप करतो, तेव्हा छापून घेण्याआधी पडद्यावर एकेक अक्षर बोट ठेवून तपासा.